मिलिग्रॅम तेवढेच, मग औषध वेगळे कसे?

सीताबर्डीवर संध्याकाळच्या गर्दीत औषधाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले की एक वाक्य हमखास कानी पडते, ‘‘ही कंपनी संपली, दुसरी देतो. पॉवर तेवढीच आहे.’’ पॉवर म्हणजे पट्टीवर छापलेले मिलिग्रॅम. बहुतेक औषधांच्या बाबतीत दुकानदाराचे म्हणणे बरोबर असते. काहींच्या बाबतीत मात्र ते अर्धेच खरे असते.

खडीसाखरेचा खडा आणि तेवढ्याच वजनाची पिठीसाखर दुधात टाकून पाहा. पिठीसाखर लगेच विरघळते, खडा तळाशी बसतो. एक सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग ६ चौरस सें.मी. असतो, त्याचेच एकेक मिलिमीटरचे हजार तुकडे केले की तो ६० होतो. वजन तेच, पाण्याला भिडणारी जागा दसपट. जी औषधे पाण्यात मुळातच कशीबशी विरघळतात, त्यांचे भरड कण आतड्यातून तसेच पुढे निघून जातात. ते पोटात गेले काय आणि न गेले काय, सारखेच.

गजकर्णावरच्या ग्रिसिओफुल्व्हिनची सुरुवातीची भुकटी भरड होती; मोठ्या माणसाला रोज १ ग्रॅम द्यावे लागे. कण बारीक केल्यावर अर्ध्या ग्रॅममध्ये तेच काम होऊ लागले. रक्तातील चरबीवरच्या फेनोफायब्रेटचे तर गणितच उलटे वाटते. साध्या भुकटीचे ३०० मि.ग्रॅ., बारीक केलेले २०० आणि अतिसूक्ष्म कणांचे १४५, ही तिन्ही जवळपास सारखीच. त्यातही २०० चे जेवणाबरोबर घ्यावे लागते, १४५ ला तशी अट नाही. आता ‘१४५ नाही, २०० घेऊन जा, जास्त पॉवरची’ असे कोणी म्हटले तर काय करायचे?

हृदयरोगातील डिगॉक्सिनची गोष्ट याहून गंभीर. गुण येण्याचे प्रमाण आणि विषबाधेचे प्रमाण यांत तिथे फार अंतर नाही. १९७१ साली अमेरिकेत सारख्याच मिलिग्रॅमच्या वेगवेगळ्या गोळ्या तपासल्या, तेव्हा रक्तात पोचणाऱ्या औषधात सातपटीपर्यंत फरक निघाला. कणांचा आकार हे त्याचे एक कारण होते.

म्हणून जेनेरिक औषधे वाईट, असा अर्थ कृपया काढू नये. कमी विरघळणाऱ्या औषधांचा परवाना मागताना ते रक्तात मूळ औषधाइतकेच पोचते हे दाखवणे आपल्याकडे २०१७ पासून सक्तीचे आहे. माझी तक्रार दुसरी आहे. ‘मायक्रोनाइज्ड’ हा महत्त्वाचा शब्द पट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. वर्धा-भंडाऱ्याहून आलेला रुग्ण पहिली पट्टी बर्डीवर घेतो, दुसरी गावी, आणि ती देताना तो शब्द कुणी जुळवून पाहत नाही. तो मिलिग्रॅमएवढ्याच ठळक अक्षरांत छापला पाहिजे. तोवर रिकामी पट्टी फेकू नका, नवीन घेताना तीच दुकानदारापुढे ठेवा.

आणि बारीक तेवढे गुणकारी, असे समजून घरी गोळ्या कुटू नका. लघवीच्या जंतुसंसर्गावरच्या नायट्रोफ्युरँटॉइनचे स्फटिक मुद्दाम मोठे ठेवतात, कारण बारीक कणांनी मळमळ जास्त होते. ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली गोळी खलबत्त्यात घातली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. म्हाताऱ्या माणसाला गोळी गिळवत नसेल तर तेच औषध पातळ मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे.