रस्त्यावर ठेवा, मग गाडी येईल

परवा मामाकडे जेवायला गेलो होतो. महापालिकेच्या निवडणुका होऊन गेल्यात, त्यामुळे विषय अर्थातच तोच. कोण पडला, कोणाला कोणी पाडलं, पुढच्या वेळी काय होणार, वगैरे वगैरे. मी मधेच विचारलं, "मामा, तुमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांची नावं सांग बघू." मामाला दोन आली. "बरं, घरातलं जनावर मेलं तर तुमच्याकडे कुठे न्यायचं?" मामा हसला. म्हणाला, "तू अजून त्या कुत्र्यातच अडकलीस का गं? केवढे दिवस झाले. देशापुढे प्रश्न काय आहेत आणि तुझं काय चाललंय!"

हो, अडकले आहे. मामीने एवढी बासुंदी केली होती, म्हणून तिथे गप्प बसले. पण घरी येऊन झोप लागेना, म्हणून हे लिहिते आहे. मामा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. राग मानू नकोस, पण या वेळी तुझं चुकतंय.

ज्यांनी आमच्या कुत्र्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये, विधानसभेचा निकाल लागला त्या आठवड्यात, एक पिल्लू जिन्याखाली येऊन बसलं. पिवळट रंग, एक कान उभा, एक पडलेला. आईने दूध दिलं आणि बाबांनी नाव दिलं. "हा कुठल्याच जातीचा नाही, कोणी उभा केलेला नाही, स्वतःच्या जिवावर आलाय. हा अपक्ष." तेच नाव पडलं. संध्याकाळी बाबा मैदानावर "अपक्ष, ए अपक्ष, इकडे ये" अशी हाक मारायचे तेव्हा लोक वळून बघायचे. अपक्षाचे आणि बाबांचे राजकीय विचार जुळत असावेत. दोघेही टीव्हीवर चर्चा सुरू झाली की दिवाणापाशी येऊन बसायचे, आणि कोणी फार ओरडायला लागलं की अपक्ष उठून गॅलरीत जायचा. आमच्या घरात तेवढाच एक शहाणा होता.

आमचं घर राजकारणाचं वेड असलेलं घर आहे. नातेवाइकांना हे सांगायला नकोच. जून २०२२ मध्ये सुरत, गुवाहाटी, गोवा असा आमदारांचा प्रवास चालला होता तेव्हा आमच्याकडे स्वयंपाक वेळेवर झालेला मला आठवत नाही. ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्या दिवशी मी ऑफिसमधून अर्धी रजा टाकली होती. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी निकालाचं वाचन केलं ते मी मोबाइलवर शेवटपर्यंत ऐकलं. व्हिप म्हणजे काय, प्रतोद कोणाचा खरा, दहावं परिशिष्ट काय म्हणतं, हे मला रात्री उठवून विचारलं तरी सांगता यायचं. आपण जागरूक नागरिक आहोत असं मला वाटायचं. खरंच वाटायचं.

२३ नोव्हेंबर २०२४. शनिवार. विधानसभेची मतमोजणी. अपक्ष पंधरा वर्षांचा झाला होता. दिवाळीतच डॉक्टरांनी सांगितलं होतं, किडन्या थकल्यात, फार धावपळ करू नका, त्याला घरीच आरामात राहू द्या. दोन दिवस त्याने खाल्लं नव्हतं. आम्ही सकाळी आठपासून टीव्हीसमोर. अपक्ष फरशीवर पडून होता. साडेअकराच्या सुमारास तो उठला, कसाबसा माझ्याजवळ आला आणि त्याने हनुवटी माझ्या पायावर ठेवली. तेव्हा नेमके एका चुरशीच्या मतदारसंघाचे आकडे येत होते. मी पाय काढून घेतला. मुद्दाम नाही. पुढे वाकून आकडा वाचायचा होता म्हणून. तो तिथेच खाली आडवा झाला.

दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. महायुती दोनशेच्या पुढे गेली. बाबा म्हणाले, "आता काय बघायचं राहिलं!" आणि त्यांनी आवाज बंद केला. घरात शांतता झाली तेव्हा अपक्षाचा श्वास ऐकू आला. चारच्या सुमारास तो गेला.

ते आकडे आज मला आठवत नाहीत. पाय काढून घेतलेला आठवतो.

असो. रडून झालं, आणि मग प्रश्न आला, आता न्यायचं कुठे? आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. खाली सगळीकडे पेव्हिंग ब्लॉक. बाबांनी महापालिकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडच्या मुलीने नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की गाडी रस्त्यावरच्या मेलेल्या जनावरांसाठी आहे, घरच्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात विचारा. क्षेत्रीय कार्यालय शनिवारचं बंद. एका ओळखीच्या कर्मचाऱ्याला फोन केला, तो मतमोजणीच्या ड्युटीवर. त्याने मात्र अगदी आपुलकीने उपाय सांगितला. "काका, असं करा. त्याला खाली रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवा. मग परत फोन करा, बेवारस म्हणून सांगा. तासाभरात गाडी येईल."

बाबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. पंधरा वर्षं ज्याला घरातला म्हणून वाढवलं, त्याची सोय व्हायची असेल तर आधी त्याला बेवारस म्हणायचं!

मग बाबांना नगरसेवकाची आठवण झाली. म्हणजे माजी नगरसेवकाची. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "काका, मी आता कोणीच नाही हो. प्रशासकांना विचारा." आणि खरंच होतं ते. त्या दिवशी आख्ख्या शहरात, मतदारांनी निवडून दिलेला आणि या कामासाठी ज्याला जाब विचारता येईल असा एकही माणूस नव्हता. एकही नाही. टीव्हीवर २८८ माणसं निवडून येत होती, आणि आमचा कुत्रा उचलायला सांगता येईल असा एकही नव्हता.

मामा, मला जे म्हणायचंय ते इथून सुरू होतं.

राज्यातल्या महापालिकांच्या मुदती २०२० ते २०२३ या काळात एकामागून एक संपल्या. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर २०२० मध्येच. मुंबई ७ मार्च २०२२ ला, पुणे त्याच महिन्यात १४ तारखेला. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. यात 'शक्यतो' असा शब्द नाही. तरी मतदान झालं कधी? २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ ला. तेही सुप्रीम कोर्टाने आधी ६ मे २०२५ ला आदेश दिल्यावर, आणि मग ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख घालून दिल्यावर. काही शहरं जवळजवळ सहा वर्षं प्रशासकाच्या ताब्यात होती.

तू म्हणशील, ओबीसी आरक्षणाची केस होती, प्रभागरचनेचा वाद होता, सरकार तरी काय करणार? केस होती हे खरं. आरक्षणाचा प्रश्न खोटा होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण एक गोष्ट बघ. २०२२ च्या मार्चमध्ये एका आघाडीचं सरकार होतं, जूनअखेर दुसऱ्या आघाडीचं आलं. सत्ताधारी बदलले, विरोधक बदलले, आणि या एका बाबतीत कोणालाच घाई नव्हती. नगरसेवक नसला की शहराची सूत्रं मंत्रालयातून हलवता येतात. मग मंत्रालयात जो बसेल त्याला ती सोय आवडतेच. यांना नावं ठेवून त्यांना सोडायचं, असा हा मामला नाही.

आणि आपण काय करत होतो? आपण गुवाहाटीच्या हॉटेलातला मेनू वाचत होतो. व्हॉट्सॅपवर 'गद्दार' आणि 'निष्ठावंत' खेळत होतो. त्या भांडणात एकमेकांना 'कुत्रा' म्हणण्यापर्यंत मजल गेली. आपल्या भाषेत निष्ठेसाठीही कुत्राच आणि शिवीसाठीही कुत्राच! पण आपल्या शहराला नगरसेवक नाही, बजेट एकटा आयुक्त मांडतो आणि एकटाच मंजूर करतो, यावर आपल्या फॅमिली ग्रुपवर एकही मेसेज आलेला मला आठवत नाही. मीही टाकला नव्हता. ज्या राजकारणात आपल्याला मत होतं पण काही करता येत नव्हतं, ते आपण रात्रंदिवस बघितलं. आणि जिथे आपल्याला खरोखर काही विचारता आलं असतं ते दुकान कधी बंद झालं हे आपल्याला कळलंसुद्धा नाही.

बरं, कुत्रा हा काही राजकारणात न येणारा विषय आहे असंही नाही. रायगडावर वाघ्याचा पुतळा आहे. १९३६ साली तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून ते स्मारक उभं राहिलं. तो कुत्रा खरोखर होता का यावर वाद आहे. २०१२ मध्ये तो पुतळा काढला गेला आणि परत बसवला गेला. मार्च २०२५ मध्ये संभाजीराजेंनी ३१ मेपर्यंत तो हटवा असं पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिलं, आणि पुन्हा सगळीकडे चर्चा. कोणाची बाजू बरोबर यात मी पडत नाही, इतिहासाच्या अभ्यासकांनी ठरवावं. मला फक्त एवढं दिसतं की तीनशे वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या समाधीवर बोलायला प्रत्येक पक्षाला वेळ आहे.

मग ऑगस्ट २०२५. दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवा आणि परत सोडू नका, असा आदेश सुप्रीम कोर्टाने ११ तारखेला दिला. २२ तारखेला मोठ्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून जिथून उचलले तिथेच सोडा, फक्त पिसाळलेले आणि हल्ले करणारे सोडू नका. मग ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातून हटवा आणि तिथे परत सोडू नका. प्रत्येक वेळी आपल्या ग्रुपवर दोन तट. एका बाजूला प्राणिमित्र, दुसऱ्या बाजूला चावा घेतलेल्या मुलांचे फोटो टाकणारे. मला दोन्ही बाजू कळतात. घरात कुत्रा होता म्हणून मी काही रेबीजची भीती विसरलेली नाही. एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. पण दोन्ही तटांना मी विचारलं, नसबंदी आणि लसीकरण हे काम कोणाचं? २००१ च्या नियमांतही आणि २०२३ च्या नव्या नियमांतही ते काम स्थानिक संस्थेवर टाकलेलं आहे. म्हणजे तीच महापालिका, जिच्यात आपल्याकडे तेव्हा कोणीच निवडून आलेलं नव्हतं. ग्रुपवर शांतता. एका भाच्याने अंगठा दाखवला, तेवढंच.

आणि कायदा म्हणशील तर प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून १९६० चा कायदा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. वडापाव खायचा की कुत्र्याला लाथ मारायची, एवढाच हिशोब! इतक्या सरकारांत ही रक्कम बदलायला कोणाला सवड झाली नाही, कारण कुत्र्याला मत नाही. आणि ज्यांना मत आहे त्यांना हे प्रश्न 'लहान' वाटतात.

हाच तो शब्द, मामा. लहान. गटार लहान, कचऱ्याची गाडी लहान, कुत्रा चावल्यावर जवळच्या दवाखान्यात लस आहे की नाही हे लहान. मेलेलं जनावर लहान. मोठं काय, तर कोण मुख्यमंत्री होणार. पण माणूस राहतो कुठे? लहान प्रश्नांतच ना? मोठे प्रश्न आपण बघतो, लहान प्रश्नांत आपण जगतो. आणि जे लहान प्रश्नांबद्दल कधी विचारत नाहीत, त्यांना मोठ्या प्रश्नांत कोणीच विचारत नाही. फक्त टाळ्यांना बोलावतात.

त्या संध्याकाळी शेवटी बाबांच्या एका मित्राच्या शेतावर गेलो. तासाभराचा रस्ता. अपक्ष मागच्या सीटवर, आईच्या जुन्या सोलापुरी चादरीत. वाटेत गुलाल, डीजे, दोन मिरवणुका. गाडी थांबून राहिली. एका पोराने काचेवर गुलाल फेकला आणि आत बघून एकदम मागे सरला. शेतावरच्या गड्याने काही न विचारता खड्डा खणला. मीठ टाकलं. माती लोटल्यावर म्हणाला, "आमचा मोत्या बी हितंच हाय. सोबत हुईल." एवढंच. दिवसभर टीव्हीवर इतकी माणसं बोलत होती, त्यांच्यापैकी एकाचंही वाक्य मला आठवत नाही. हे आठवतं.

या जानेवारीत उमेदवार दारात आले. चार जणांचा प्रभाग, चार बटणं दाबायची, त्यामुळे घोळक्यानेच आले. मी विचारलं, "घरातलं जनावर मेलं तर न्यायची सोय करणार का?" पहिला हसला, दुसऱ्याने वरच्या नेत्यांचं नाव घेतलं, तिसऱ्याने पत्रक हातात दिलं. चौथी एक बाई होती. तिने वही काढून लिहून घेतलं. आमच्या मांजराच्या वेळी आम्हीही असेच फिरलो होतो, म्हणाली. ती कोणत्या पक्षाची ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्ही सगळे पुन्हा त्याच्यावरच सुरू व्हाल. ती निवडून आली. मागच्या आठवड्यात मी अर्ज लिहून चारही नगरसेवकांच्या कार्यालयात पोचवला आणि प्रत्येक ठिकाणी पोच घेतली. दर महिन्याला जाऊन विचारणार आहे. बाबा सोबत येतात. संध्याकाळी मैदानावर जायची त्यांची वेळ आता रिकामीच असते.

टीव्ही अजून बघतोच आम्ही. वेड काही जात नाही. पण मामा, पुढच्या वेळी जेवायला येईन तेव्हा चारही नावं पाठ करून ठेव. आणि बाकीच्यांनीही आपापल्या गावात एक फोन करून बघा. घरातलं जनावर गेलं तर कुठे न्यायचं, एवढंच विचारा. काय उत्तर मिळतं ते मला जरूर कळवा.