औंढ्यातली कढई

श्रावणात औंढा नागनाथला भाविकांची रीघ लागते आणि हॉटेलांच्या कढया दिवसभर चुलीवरून उतरत नाहीत. तळणाच्या तेलात ते वारंवार तापवल्याने वाढणारे ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. पण काळ्या पडलेल्या तेलात नवे तेल ओतण्याची सवय सगळीकडेच जुनी. छोट्या हॉटेलवाल्याला नियम परवडत नाहीत, असे म्हणतात. तेलापुरते ते थोडेफार खरे. मात्र हात धुणे, पाणी झाकणे, शिजलेले अन्न 60 अंश सेल्सियसच्या वर गरम ठेवणे याला कितीसा खर्च? भजी बांधलेल्या वर्तमानपत्राची (आमच्याही!) शाई पोटात जाते, ती वेगळीच. अन्न व औषध प्रशासनाने हिंगोली जिल्ह्यातील तपासणी सणाआधी करावी, विषबाधेनंतर नव्हे.