मानपत्रात न मावलेली वर्षे

‘माजी सैनिक अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ सातारा-कोल्हापूरच्या आवृत्त्यांत असा मजकूर नेहमी वाचायला मिळतो. एखादे पदक असेल तर एक ओळ वाढते, १९६५ किंवा १९७१ चे युद्ध पाहिले असेल तर सन येते. बाकीचे आयुष्य ‘परिवार आहे’ या दोन शब्दांत उरकले जाते. ही उणीव केवळ जागेची आहे, असे मला वाटत नाही. लढाईचे दिवस म्हणजेच सैनिक, असे आपण मनाशी धरून बसलो आहोत आणि त्यामुळे त्याच्या सेवेचा मोठा भाग आपल्या नजरेतून सुटतो.

राम राघोबा राणे यांचेच पाहा. १९१८ मध्ये कारवारजवळच्या चेंडिया गावी जन्मलेले राणे १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या युद्धात, नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर रणगाड्यांना वाट करून देण्याचे काम त्यांच्या तुकडीकडे आले. ८ एप्रिलला, पहिल्याच दिवशी, माऱ्यात दोन सहकारी गेले आणि स्वतः राणे जखमी झाले. तरीही सुरुंग काढणे, रस्त्यात आडवी पाडलेली झाडे हटवणे ११ तारखेपर्यंत चालूच राहिले. एका टप्प्यावर ते रणगाड्याखाली त्याच्या चाकांच्या गतीने सरपटत गेले आणि दोरी ओढून चालकाला कधी थांबायचे, कधी निघायचे ते कळवत राहिले. परमवीरचक्र मिळाले ते या चार दिवसांसाठी. राणे त्यानंतर ४६ वर्षे जगले. लग्न केले, मुले वाढवली, १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. आजवर २१ जणांना हे पदक मिळाले, त्यांतले १४ मरणोत्तर. ज्या मोजक्यांना पदकानंतरचे आयुष्य लाभले, त्यांच्याही त्या आयुष्याबद्दल आपल्याला जवळपास काही सांगता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, संसार तर सगळेच करतात. वेगळे ते शौर्य, मग स्मरण त्याचेच व्हावे. शौर्याचा मान कमी करावा असे मी म्हणतच नाही. पण सैनिकाचा संसार चारचौघांसारखा नसतो. २०२२ पूर्वी भरती झालेला साधा जवान १५ वर्षांच्या नोकरीवर पेन्शनला पात्र होतो, म्हणजे ऐन पस्तिशीत गणवेश उतरवून बँकेच्या दारात नाही तर कारखान्याच्या गेटवर पुन्हा उभा राहतो. त्याआधीची कितीतरी वर्षे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी गेलेली असतात. त्या काळात सासूसासऱ्यांचे आजारपण, मुलांची शाळा, शेताची वाटणी हे सारे त्याच्या बायकोने एकटीने निभावलेले असते. हा सेवेचाच खर्च आहे, फक्त तो कुठल्या मानपत्रात लिहिलेला नसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ‘प्रेमळ आजोबा’ असे चित्र रंगवले की युद्धाने माणसात काय मोडले ते झाकले जाते. हे खरे आहे. म्हणून तर नुसते गुणवर्णन पुरत नाही. घरी परतल्यावर तो कशाबद्दल बोलला नाही, कोणत्या आवाजाने दचकला, हेही त्याच्या आयुष्यात धरायला हवे, आणि ते घरच्यांवाचून दुसरे कोणी सांगू शकत नाही.

१९७१ मध्ये विशीत असलेला जवान आज पंच्याहत्तरीला आला आहे. निधनवार्ता लिहायची वेळ येण्याआधी गावच्या शाळेने, ग्रामपंचायतीने, नातवंडांनी त्याच्याजवळ बसावे. डिस्चार्ज बुक ट्रंकेतून बाहेर काढायला लावावे, पलटण कोणती, किती वर्षे कुठे काढली, ते तारखांसह टिपून घ्यावे. आणि शेजारी बसलेल्या आजींनाही विचारावे, युद्धाच्या त्या डिसेंबरात घरी पत्र किती दिवसांनी आले होते.