जोखीम कुणाची, रक्त कुणाचे?

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. मुलगीच म्हणायची, वय १९. कडेवर दोन महिन्यांचे बाळ, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याचे कागद. म्हणाली, "ताई, यात माझ्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून सांगा. घरचे म्हणतात, माझ्या रक्तातच दोष होता म्हणून बाळ पेटीत ठेवावं लागलं."

कागद इंग्रजीत होते. एका चौकटीत 'मातेतील जोखमीचे घटक' अशा अर्थाचा मथळा आणि खाली यादी : वय कमी, वजन ३९ किलो, हिमोग्लोबिन ७.८, पाणी जाऊन २० तास झालेले, मातेला ताप. पुढे बाळाचे : वजन १९०० ग्रॅम, सीआरपी वाढलेले, कावीळ. बाळ अकरा दिवस अतिदक्षता कक्षात होते. वाचले. पण घरात हिच्यावर जो शिक्का बसला, तो बाळ घरी आले तरी गेला नाही.

त्या यादीतली एकही गोष्ट खोटी नाही, हे आधीच सांगते. डॉक्टरांनी ती लिहिली म्हणून तर बाळाकडे वेळेवर लक्ष गेले. गर्भारपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले की ती रक्तपांढरी. अशा आईचे बाळ कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगात ऊब टिकत नाही, रक्तातली साखर उतरू शकते. पाणी जाऊन १८ तासांवर वेळ गेला, त्यात आईला ताप असला, तर बाळाला जंतुदोष होण्याची भीती असते. हे शास्त्र आहे आणि ते आपल्या बाजूचे आहे.

आपले भांडण आहे ते यादी जिथे थांबते तिथे. वय कमी, हे लिहिले. लग्न कुणी ठरवले, ते नाही. हिमोग्लोबिन ७.८, हे लिहिले. घरात सर्वांत शेवटी कोण जेवते, हे नाही. पाणी जाऊन २० तास, हे लिहिले. त्यातले किती तास जीपची वाट पाहण्यात गेले, एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून जिल्ह्याच्या गावी धाडण्यात किती गेले, यासाठी कागदावर रकानाच नाही. जी जोखीम सगळ्यांनी मिळून तिच्या अंगावर टाकली, ती कागदावर 'तिच्यातील' झाली. आणि घरच्यांनी कागद न वाचताही तेवढेच नेमके ऐकले.

हे एका घरापुरते नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तपांढरी आढळली. महाराष्ट्रात ५४ टक्के. याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली होती. निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात जे कमी आहे, त्याला एकेका बाईचा दोष कसे म्हणायचे? तिच्या सासूचे रक्त कुणी तपासले असते, तर तेही बहुधा असेच निघाले असते.

रक्तगटाचेच उदाहरण घ्या. आई आरएच निगेटिव्ह असेल आणि बाळ पॉझिटिव्ह, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात आणि पुढच्या बाळाला तीव्र कावीळ होऊ शकते. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन दिले तर हे बहुतेक टळते. आता बाळात पॉझिटिव्ह गट आला कुठून? बापाकडून. पण जोखमीच्या यादीत नाव आईचेच. बापाचा दोष आहे असे मला म्हणायचे नाही. दोष कुणाचाच नाही, मग एकीच्याच नावावर तो का चढावा, एवढेच विचारायचे आहे.

आता बाळाच्या रक्ताबद्दल. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन. अंगात कुठे दाह झाला की ते रक्तात वाढते, पण वाढायला काही तास लागतात. म्हणून जन्मल्याबरोबर केलेली तपासणी चांगली आली तरी काही तासांनी ती पुन्हा करावी लागते. उलट, बाळंतपण अवघड झाले तर जंतुदोष नसतानाही सीआरपी वाढलेले दिसू शकते. खात्रीची तपासणी म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणे. तिला एक-दोन दिवस जातात. म्हणजे रक्ताचा एक आकडा म्हणजे निकाल नव्हे. डॉक्टर तो बाळाकडे पाहून, इतर गोष्टींशी जुळवून वाचतात. हे पाच मिनिटांत कुठल्याही आईला समजेल असे सांगता येते. त्या मुलीला अकरा दिवसांत ते कुणी सांगितले नव्हते.

आणि आईला काय दिसते, त्याचे मोल किती? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून खेड्यांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचे काम सुरू केले. गावातल्याच बायकांना शिकवले. प्रयोगशाळा नव्हती. बाळाचे रडणे क्षीण झाले का, अंगावर ओढणे कमी झाले का, अंग गार लागते का, हातपाय ढिले पडले का, यांवरून त्या जंतुदोष ओळखत आणि उपचार करीत. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारतात, त्यामागे हे काम आहे. "बाळ कालच्यासारखं ओढत नाही" हे आईचे वाक्य रक्ताच्या तपासणीइतकेच गंभीरपणे घ्यायला हवे, हे यातून सिद्ध झाले आहे. तपासण्या नकोत असे नाही; तपासणी आणि आई, दोन्ही हव्यात.

मग आपण गटांनी काय मागायचे?

एक : हिमोग्लोबिन आणि रक्तगट तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच तपासून त्याचा अर्थ त्या बाईला मराठीत सांगितला पाहिजे. बाळंतपणाच्या टेबलावर तो कळून उपयोग नाही.

दोन : जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ ला सुरू झाला. त्यात सरकारी दवाखान्यात बाळंतिणीच्या आणि आजारी बाळाच्या तपासण्या, औषधे, रक्त आणि वाहन मोफत आहे. चिठ्ठी देऊन बाहेरून पैसे भरून तपासणी करायला लावले, तर जाब विचारायचा.

तीन : पेटीतल्या बाळाच्या आईला बाहेरच्या व्हरांड्यात झोपवू नये. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यापासून आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवल्याने मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. तेव्हा आईची खाट बाळाजवळ, हा उपचाराचाच भाग आहे.

चार : अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये गरोदर बाईला किमान ६००० रुपये देऊ केले. प्रत्यक्षात मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला ५००० मिळतात आणि दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच पुढची मदत. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला किंवा तिसऱ्यांदा दिवस राहिले, तर त्या आईचे रक्त काय आपोआप वाढते?

पाच : बाळ दगावल्यावर चौकशी होते, तेव्हा आईचे वय आणि वजन विचारतात तसेच वाहन केव्हा मागितले, केव्हा आले, किती दवाखाने फिरावे लागले, हेही लिहिले गेले पाहिजे.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे कागद तिला वाचून दाखवले. रक्त कमी होते म्हणजे रक्त वाईट नव्हते, हे समजावले. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "हे असं मराठीत लिहून द्या. मी तोंडी सांगितलं तर घरी कुणी ऐकायचं नाही." आम्ही वहीचे पान फाडून लिहून दिले. शेवटी तिच्या सासूसाठी एक ओळ जोडली : पुढच्या बुधवारी उपकेंद्रात रक्त तपासणार आहेत, तुम्हीही या.

बुधवारी दोघी आल्या.