वाचन पक्के होईपर्यंत कॅमेरा थांबवायचा?



नंदुरबारच्या आश्रमशाळांत छायाचित्रण व चित्रपटनिर्मिती शिकवणे ही चैन आहे, आधी वाचन पक्के करा, हे एका पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. बाहेरचा कॅमेरा पुरेसा नसतो. याच जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले, तेव्हा देशभरातले कॅमेरे आले आणि गेले. मणिबेलीचा धरणविरोधी लढा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) या माहितीपटात जपला गेला, पण आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांच्या नजरेतून. तो माहितीपट मोलाचाच आहे, तरी गावाची स्वतःची नजर वेगळी. शिवाय पावरी बोलीतले संवाद मराठीत उतरवताना, चित्राखालची ओळ लिहिताना मुलांच्या वाचन-लेखनाला कारणच मिळते. मोबाइल हाती असला म्हणजे उजेड, चौकट आणि समोरच्याची परवानगी आपोआप कळत नाही. दोन दिवसांच्या शिबिरांनीही ते साधणार नाही. वर्षभराचे तास हवेत.

– एक वाचक, शहादा