मस्कतची पेटी
मस्कतला निघालेल्या भाचीची पेटी या आठवड्यात भरताना, ४० अंशांपलीकडच्या उष्म्यात वस्त्र जितके तोकडे तितका जीव थंड, हा तिचा सिद्धान्त मी साफ नामंजूर केला. कारण तिथला ओमानी गृहस्थ घोट्यापर्यंतचा सैल, शुभ्र दिशदाशा घालतो तो केवळ रिवाजापायी नव्हे, तर आत खेळणारा वारा घाम सुकवतो आणि झाकलेली त्वचा उन्हाने पोळत नाही म्हणूनही. तेव्हा पूर्ण बाह्यांचे सुती कुडते, सैल सलवारी आणि २००१ साली खुल्या झालेल्या सुलतान काबूस मशिदीत मस्तक झाकणारी, वाटेत छत्री नि गारठलेल्या वातानुकूलित दालनात शाल होणारी एक ओढणी, एवढा सरंजाम पुरे. यजमानाच्या उंबरठ्याची अदब राखणारा पोशाख हेच प्रवाशाचे खरे दस्तक होय.