बिनीचा मोहरा पडल्यावर
ज्या संघाची सारी मदार एका धावपटूच्या पायांवर होती, त्या साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने, २७ ऑक्टोबर २०१२ रोजी टेनेसीविरुद्ध खेळताना त्या धावपटूचा, मार्कस लॅटिमोरचा, उजवा गुडघा निखळल्यावरही (प्रतिपक्षाचे खेळाडूही तेव्हा त्याच्याभोवती जमले, हे मला कोणत्याही विजयाहून थोर वाटते) उरलेला मोसम हातचा जाऊ दिला नाही. प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर यांनी लॅटिमोरचा जिम्मा एकाच्याच शिरावर न लादता केनी माइल्स, माइक डेव्हिस आदींत वाटून दिला. १ जानेवारी २०१३ रोजी टँपा येथे मिशिगनशी झालेल्या आउटबॅक बोलच्या मुकाबल्यात संघ २१-२२ असा मागे असताना, मिशिगनचा चेंडू आवश्यक खुणेपाशी पोहोचला नसल्याचे साखळीच्या मापात स्पष्ट दिसूनही पंचांनी कौल मिशिगनला दिला. परंतु पुढच्याच चालीत साउथ कॅरोलायनाचा जेडेव्हियन क्लाउनी मिशिगनच्या व्हिन्सेंट स्मिथवर असा आदळला, की शिरस्त्राण एकीकडे नि चेंडू दुसरीकडे उडाला, आणि तो चेंडूही क्लाउनीनेच एका हाताने हस्तगत केला. इतकी तातडीची दाद आमच्या कचेऱ्यांत कुठली लागायला! त्यानंतर साउथ कॅरोलायना पुढे गेल्यावर मिशिगनने पुनश्च २८-२७ अशी आघाडी घेतली खरी. तथापि अवघे ११ सेकंद उरले असता डिलन थॉम्प्सनने ३२ यार्डांवरून फेकलेला चेंडू ब्रूस एलिंग्टनने झेलला आणि साउथ कॅरोलायनाने सामना ३३-२८ असा जिंकला. लॅटिमोरला पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाने निवडले, पण तेथे एकही सामना न खेळता २०१४ मध्ये तो निवृत्त झाला.